फातिहा शिकायची तर काय घ्यावं : पुस्तिका, ॲप की उस्तानी?

निकाल आधीच सांगून टाकते. नव्यानं इस्लाम स्वीकारला असेल आणि नमाजेपुरती अरबी जिभेवर बसवायची असेल, तर पैसे एकाच गोष्टीवर घाला: तुमचं ऐकून जिथल्या तिथे अडवणाऱ्या माणसावर. बाकीचं बहुतेक सगळं फुकट मिळतं आणि चांगलंही मिळतं. मी गेले काही महिने एका ऑनलाइन वर्गात शिकतेय. व्हिडिओ कॉल, एका वेळी एकच विद्यार्थिनी, अर्ध्या तासाची बैठक, शिकवायला बाई, म्हणजे उस्तानी. त्याआधी देवनागरी पुस्तिका झाली, ॲप झालं, भिंतीवर लावायचा तक्ताही झाला. सगळ्यांबद्दल लिहिणार आहे, पण मुख्य परीक्षण वर्गाचं. वर्गाचं नाव घेत नाही, कारण असे एकास-एक वर्ग बरेच जण चालवतात आणि बरंवाईट जे काही आहे ते पद्धतीतच आहे.

आधी शिकायचं नेमकं किती आहे ते बघू, कारण घाबरायला होतं ते न मोजल्यामुळे. दिवसाच्या पाच फर्ज (बंधनकारक) नमाजा. फज्रच्या 2 रकाती (रकात म्हणजे उभं राहणं, वाकणं, माथा टेकणं असं नमाजेचं एक आवर्तन), जुहरच्या 4, असरच्या 4, मगरिबच्या 3, इशाच्या 4. एकूण 17. प्रत्येक रकातीत सूरह फातिहा, म्हणजे कुरआनचा पहिला अध्याय, सात आयती (वचनं). पहिल्या दोन रकातींत फातिहेनंतर आणखी एखादी सूरह. ती लहान चालते. कौसर तर तीनच आयतींची आहे, इख्लास चार. रुकूत (वाकल्यावर) आणि सजद्यात (माथा टेकल्यावर) म्हणायचं एकेक छोटं वाक्य, उठताना एक, बसल्यावर अत्तहियात (बसून म्हणायची प्रार्थना) आणि दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ), शेवटी उजवीकडे-डावीकडे सलाम. हे सगळं मिळून पाठपोट एका कागदावर बसतं. पाठांतराची ज्यांना लहानपणापासून सवय आहे त्यांना एवढा मजकूर काहीच नाही. अवघड आहे तो उच्चार, आणि त्याहून अवघड आहे घाई. कलमा (इस्लाम स्वीकारण्याची साक्ष) पढल्या क्षणापासून नमाज फर्ज होते. मुस्लिम घरात जन्मलेलं मूल हे सगळं वर्षानुवर्षं ऐकत, चुकतमाकत शिकतं. आपल्याला ती सवड नसते. आज असरची वेळ झाली की आज उभं राहायचंय.

म्हणून कुठल्याही पुस्तकाला, ॲपला किंवा वर्गाला मी एकच कसोटी लावते: आजच्या नमाजेला हे काय कामाचं? आणि सहा महिन्यांनी माझा उच्चार यानं सुधारलेला असेल की बिघडून पक्का झालेला असेल?

देवनागरी पुस्तिका पहिल्या प्रश्नाला पुरी पडते. हातात आली त्या दिवशी मी तिच्या भरवशावर नमाज पढले आणि त्याबद्दल तिचे उपकार मानते. दुसऱ्या प्रश्नावर मात्र ती साफ नापास. 'इहदिनस्सिरातल मुस्तकीम' ही फातिहेतली एकच आयत घ्या. तिच्यात दोन वेगळे 'स' आहेत आणि दोन वेगळे 'त'. 'सिरात'मधला स जाड, साद. 'मुस्तकीम'मधला पातळ, सीन. 'सिरात'च्या शेवटचा त जाड, 'मुस्तकीम'मधला साधा आपला दंत्य. पुस्तिकेत चारही ठिकाणी तेच स आणि तेच त. 'ह'ची तीच गत. 'अल्हम्दु'मधला ह घशाच्या मधून येतो, 'इहदिना'मधला घशाच्या तळातून, आणि छापलेले दोन्ही एकसारखे. ऐन, घशातून येणारं आणखी एक अरबी अक्षर, तर गायबच होतो. 'आलमीन', 'नस्तईन', 'अलैहिम' या तिन्हींत ऐन आहे. देवनागरीत तो आ, ई आणि अ या स्वरांच्या पोटात गेलेला असतो. चांगल्या पुस्तिका नुक्ता देतात, पण नुक्त्यानं फार तर 'ज'चे दोन प्रकार दाखवता येतात आणि अरबीत मराठी माणसाच्या कानाला 'ज'सारखी लागणारी अक्षरं जीम धरून पाच आहेत.

आपल्या मराठी डोळ्यांची एक वेगळीच अडचण आहे, ती हिंदी-उर्दूवाल्या उस्तानींच्याही लवकर लक्षात येत नाही. आपण शब्दाच्या शेवटचा अ वाचत नाही. 'इय्याक' छापलं असेल तर मराठी माणूस 'इय्याक्' असंच वाचणार. मूळात तिथे शेवटी ऱ्हस्व अ पूर्ण उच्चारायचा आहे. हे टाळायला काही पुस्तिका 'इय्याका' छापतात, मग तो आ लांबतो आणि अरबीत स्वर लांबला की शब्द बदलू शकतो. मी शेवटी संस्कृतचा धडा आठवला: 'मम', 'तव' म्हणताना शेवटचा अ आपण गिळत नाही, तसाच हा. आणि दुसरं म्हणजे, ओळीच्या शेवटी थांबलं की तोच ऱ्हस्व स्वर गळून पडतो. 'अर्रहमानिर्रहीमि' असं लिहिलेलं असलं तरी थांबताना 'रहीम'. हा नियम माझ्या पुस्तिकेत कुठेच नव्हता. 'अज़ीम'चंही तसंच. आपला ज पुढे ई आली की 'जीव'मधल्यासारखा तालव्य होतो, त्यामुळे रुकूतलं 'सुब्हान रब्बियल अज़ीम' मराठी तोंडात हमखास 'अजीम' होतं. खालचा नुक्ता बघूनही होतं.

तरीही पुस्तिका घ्याच, फक्त ती कायमची नाही हे मनाशी धरून घ्या. घेताना डावीकडे अरबी आणि उजवीकडे देवनागरी अशी असलेली बघा, नुसती देवनागरी नको. म्हणजे पुढे लिपी यायला लागली की त्याच पानावर डोळा सरकवता येतो. ज्यात कृतींची चित्रं आहेत पण प्रत्येक चित्राखाली काय म्हणायचं ते दुसऱ्याच पानावर आहे, अशी घेऊ नका. वुजू (नमाजेआधीचं हातपाय-तोंड धुणं) करून उभं राहिल्यावर पानं उलटत बसावं लागतं.

तक्त्याबद्दल दोनच वाक्यं. नमाजेत समोर बघून वाचावं की नाही यावर मतभेद आहेत. इस्लामी विधींच्या वेगवेगळ्या परंपरा आहेत; त्यातल्या शाफई मतात चालतं, हनफी मतात चालत नाही. त्यामुळे भिंतीवर तक्ता लावण्याआधी तुम्ही कोणाच्या पद्धतीनं शिकताय ते ठरवा, नाहीतर तो नमाजेच्या आधी उजळणी करण्यापुरता ठेवा.

आता कानाची साधनं. इथे फुकटचा माल विकतच्यापेक्षा सरस आहे. मिस्रचे (इजिप्तचे) कारी, म्हणजे कुरआन पठण करणारे, महमूद खलील अल-हुसरी (1917–1980) यांचं 'मुअल्लिम' पठण मुद्दाम शिकणाऱ्यांसाठी केलेलं आहे. 1961 सालचं संपूर्ण कुरआनचं मुरत्तल (सलग, सरळ चालीतलं) ध्वनिमुद्रणही त्यांचंच, पण नवख्यांनी मुअल्लिमच ऐकावं: संथ, प्रत्येक अक्षर सुटं, दीर्घ स्वर किती मात्रा लांबतो ते बोटावर मोजता येईल असं. मुहम्मद सिद्दीक अल-मिन्शावी यांच्या मुअल्लिम पठणात आयत झाली की मुलं मागोमाग म्हणतात. त्या मुलांबरोबर म्हणायला मला लाज वाटली नाही, उलट एकटीनं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं. मोठं माणूस म्हणून शिकताना कोणी आपलं ऐकतंय का याचीच जास्त धास्ती असते. तिथे आपला आवाज लपतो.

ऐकून चूक दाखवतो म्हणणारं एक ॲप महिनाभर वापरलं. शब्द गाळला, आयत पुढेमागे झाली तर ते बरोब्बर पकडायचं. साद की सीन हे मात्र त्याच्या पल्ल्याबाहेर. मी मुद्दाम सगळे स पातळ म्हटले तरी हिरवी खूण. पाठांतर तपासायला ठीक आहे, उच्चारासाठी त्याच्यावर विसंबू नका. शब्दागणिक अर्थ दाखवणारी ॲप्स मात्र घ्याच, त्यांचा मुद्दा पुढे येतो.

आणि आता वर्ग.

नाव नोंदवण्याआधी बहुतेक ठिकाणी एक चाचणी-तास फुकट देतात. मी दोन ठिकाणी तो घेतला. पहिल्या ठिकाणी शिक्षिकेनं नूरानी कायदा उघडला आणि सांगितलं, आधी हा संपवू, मग नमाज. कायदा हे प्राथमिक पुस्तक उत्तमच आहे: सुटी अक्षरं, मग जोडाक्षरं, मग जबर-जेर-पेश (ऱ्हस्व स्वरांच्या खुणा), मग मद (स्वर लांबवणं), पायरीपायरीनं. पण तो लहान मुलांसाठी आखलेला क्रम आहे. 28 अक्षरं, त्यातल्या बहुतेकांचं शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी बदलणारं रूप, हे सगळं होईपर्यंत मी दिवसातून पाच वेळा काय म्हणायचं? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी उस्तानीजींनी पहिला प्रश्न विचारला, "बाजी, आज फज्र पढलात का? काय म्हणालात ते म्हणून दाखवा." मी म्हणून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "तुमची नमाज चालू ठेवा, आपण ती चालू असतानाच दुरुस्त करत जाऊ." मी तिथेच नाव घातलं. वयानं त्या माझ्याहून बऱ्याच लहान, म्हणून मी त्यांची बाजी. आणि शिकवतात त्या, म्हणून त्या माझ्या उस्तानीजी.

याच तासाला त्यांनी दोन हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी) सांगितल्या, त्या नवख्या माणसाला फार उपयोगाच्या आहेत. एक बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत हजरत आयशांकडून आलेली: कुरआन अडखळत, कष्टानं वाचणाऱ्याला दुहेरी सवाब (पुण्य). दुसरी अबू दाऊद या संग्रहातली: एका माणसानं पैगंबरांना सांगितलं की मला कुरआनातलं काहीच पाठ होत नाही, तेव्हा त्यांनी त्याला सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, ला इलाह इल्लल्लाह, अल्लाहु अकबर असं म्हणायला शिकवलं. म्हणजे फातिहा बसेपर्यंतही वाट बंद नाही. हे कलमा पढवतानाच कोणीतरी सांगायला हवं. बहुतेकांना सांगत नाहीत आणि माणसं 'नीट येईल तेव्हा सुरू करू' म्हणून महिनोन्महिने थांबतात.

शिकवण्याची रीत अशी: दर बैठकीला फातिहेतली एक आयत आणि कायद्याचं एक पान, पण पान असं निवडलेलं की आयतीतलं अडणारं अक्षर त्यात आहे. 'अल्हम्दु'च्या तासाला घशाची अक्षरं. त्यांचा 'बडी हा' शिकवण्याचा मार्ग: आरसा तोंडासमोर धरा आणि पुसण्याआधी काचेवर वाफ सोडतो तसा श्वास सोडा, आवाज करू नका, फक्त श्वास. मग त्याच श्वासाला 'अल्' आणि 'म्दु' जोडा. पहिल्यांदा घसा खवखवला. "जोर नको, बाजी, घसा आवळू नका, जागा बरोबर आहे, ताकद जास्त आहे," असं म्हणत त्यांनी तेवढा एक शब्द पंधरा मिनिटं घेतला. कंटाळल्या नाहीत. मी कंटाळले. ऐनसाठी मात्र त्यांच्याकडे युक्ती नव्हती. त्या म्हणायच्या, मी म्हणायचे, त्या मान हलवायच्या. एके दिवशी 'नस्तईन' म्हणताना त्यांनी मान हलवली नाही. त्या क्षणी काय वेगळं केलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण घशाला ती जागा कळली होती.

जीभ दाखवावी लागते हे आधी माहीत असू द्या. 'अल्लजीन'मधलं जाल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लागून किंचित बाहेर दिसलं पाहिजे. "कॅमेऱ्याजवळ या, जीभ दिसू द्या." त्या स्वतःही कॅमेरा तोंडाजवळ घेऊन दाखवतात. बायकांनी बाई शिक्षिकाच मागावी असं मी म्हणते त्याचं एक मोठं कारण हे. अनोळखी पुरुषासमोर असं तोंड वेंगाडायला कोणाला आवडेल?

एक तांत्रिक बाब, जी कुठल्याही वर्गाच्या माहितीपत्रकात नसते. व्हिडिओ कॉलमध्ये आजूबाजूचा गोंगाट दाबण्याची सोय आपोआप चालू असते. ती पंख्याचा आवाज दाबते आणि त्याबरोबर तुमचा ह पण दाबते. श्वासातून येणारी अक्षरं तिला गोंगाटच वाटतात. माझा 'इहदिना' त्यांना 'इदिना' ऐकू यायचा. मी ह म्हणतेय, त्या म्हणतायत ह नाही, आणि दोघी आपापल्या जागी बरोबर. सेटिंगमध्ये जाऊन ती सोय दोन्हीकडे बंद केली, तारेचे इअरफोन लावले, तेव्हा भांडण मिटलं. वर्ग घेणार असाल तर पहिल्याच दिवशी हे करा.

शेवटच्या 'वलद्दाल्लीन'ची गोष्ट वेगळी. त्यातलं दाद हे अक्षर जिभेची कड वरच्या दाढांना लावून काढायचं असतं आणि अरबांना या अक्षराचा इतका अभिमान की ते आपल्या भाषेलाच दादची भाषा म्हणतात. आपल्याकडे कोणी ते द म्हणतं, कोणी ज़, आणि दोन्ही बाजूंनी वाद रंगतात. माझ्या उस्तानीजींनी वादात पाडलं नाही. जागा दाखवली, म्हणाल्या रोज प्रयत्न करा, आणि पुढच्या मदवर आणलं. तिथे 'आ' सहा मात्रा लांबवायचा असतो. तजवीदच्या (कुरआनच्या शुद्ध उच्चाराच्या) शास्त्रात चुकांचे दोन वर्ग करतात, उघड आणि छुप्या. अक्षर किंवा स्वर बदलून अर्थ बिघडतो ती उघड चूक: 'अनअम्त'च्या जागी 'अनअम्तु' म्हटलं तर कृपा करणारा अल्लाह राहत नाही, म्हणणारा होतो. मात्रा कमी-जास्त झाली, गुन्ना (नाकातून घुमणारा स्वर) नीट घुमला नाही, या छुप्या. चांगली शिक्षिका ओळखायची खूण हीच: पहिले काही आठवडे ती फक्त उघड चुकांच्या मागे लागते. माझी तशीच होती.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: मध्येच न कळवता शिक्षिका बदलली. कॉल जोडला तर पडद्यावर दुसऱ्याच बाई. त्या चांगल्याच होत्या, पण त्यांनी अत्तहियात ऐकून थांबवलं आणि दुसरीच शिकवायला लागल्या. अत्तहियातचे एकाहून अधिक पाठ आहेत; ते पैगंबरांच्या वेगवेगळ्या साथीदारांकडून आलेले; हनफी आणि हंबली इब्न मसऊद यांचा घेतात, शाफई इब्न अब्बास यांचा, मालिकी हजरत उमर यांचा. सगळे बरोबर. पण जिची पहिलीच अजून कच्ची आहे तिला दुसरी दिली की दोन्हींची खिचडी होते आणि बसल्याबसल्या नमाज अडते. विनंती करून पहिल्या उस्तानीजी परत मिळवल्या, त्यात दोन आठवडे गेले. वर्ग चालवणाऱ्यांनी निदान विद्यार्थिनी कुठल्या मसलकीप्रमाणे (मताप्रमाणे) शिकतेय एवढी नोंद पुढच्या शिक्षिकेला द्यायला हवी. याच कारणासाठी वेगवेगळे व्हिडिओ बघून शिकू नका असंही सांगेन. हात छातीवर की नाभीखाली, आमीन मोठ्यानं की मनात, प्रत्येक जण ठामपणे वेगळं सांगतो. एक धरा, बसू द्या, मग बाकीच्यांचं वाचा.

दुसरी तक्रार लिपीची. कायदा आणि घरातला मुस्हफ (कुरआनची प्रत) उपखंडी छपाईचा, आणि वर्ग पडद्यावर दाखवतो तो मदिनेच्या छपाईचा. सुकूनची (अक्षरावर स्वर नसल्याची) खूण वेगळी, मद दाखवायची रीत वेगळी, शब्दारंभीचा अलिफ वेगळा. उस्तानीजी जबर-जेर म्हणतात, पडद्यावरच्या टिपा त्याच खुणांना फतहा-कसरा. सरावलेल्याला फरक पडत नसेल, पण ज्याला अक्षर ओळखायलाच क्षणभर लागतो त्याच्यासाठी हे डोकेदुखी आहे. एकाच छपाईवर शिकवा असं आधी मागून घ्या.

तिसरी, आणि ही मला सगळ्यात खटकली: अर्थ शिकवत नाहीत. उच्चार म्हणजे उच्चार, संपलं. दिवसातून 17 वेळा जे म्हणायचंय त्याचा अर्थ कळायला अभ्यासक्रमात जागा नाही, कारण अभ्यासक्रम घरात अर्थ कानावरून गेलेल्या मुलांसाठी बनलेला. तिथे मी शब्दागणिक अर्थाचं ॲप आणि मराठी भाषांतर घेऊन स्वतः बसले. पहिल्या आयती अल्लाहबद्दल बोलतात, आणि 'इय्याक'पासून बोलणं थेट त्याच्याशी सुरू होतं, हे कळल्यावर त्या जागी आवाज आपोआप बदलतो. हे मी उस्तानीजींना सांगितलं तर त्यांनी सहीह मुस्लिममधली हदीस काढली: अल्लाह म्हणतो, नमाज मी माझ्या आणि बंद्याच्या मध्ये अर्धी अर्धी वाटली आहे, बंदा एकेक आयत म्हणतो तशी तो उत्तरं देतो. म्हणून प्रत्येक आयतीला थांबा, म्हणाल्या, धावू नका. इतकं त्यांना ठाऊक होतं, मग शिकवत का नाहीत? "अभ्यासक्रमात नाही, बाजी." यावर काय बोलणार.

एका बाबतीत मात्र वर्गाला पैकीच्या पैकी. पाळीच्या दिवसांत नमाज नसते, आणि हनफी मतात तेव्हा कुरआन पठणही करत नाहीत. मला वाटलं आठवडा वाया जाणार, तास पुढे ढकलावा लागणार. उस्तानीजींनी न विचारता ओळखलं आणि त्या दिवसांत फक्त अत्तहियात, दुरूद, रुकू-सजद्याच्या तस्बीह घेतल्या, कारण ते कुरआनचे शब्द नाहीत. कायद्यातली सुटी अक्षरंही घेतली. माझी अत्तहियात त्याच दिवसांत बसली.

वर्ग कोणी घेऊ नये? ज्यांच्या जवळ नीट किरात (कुरआन पठण) येणारं माणूस आहे आणि ते आठवड्यातून थोडा वेळ देऊ शकतं, त्यांनी. समोर बसून शिकण्याची बरोबरी पडद्याला येत नाही. मग ज्यांना अरबी भाषा, व्याकरण शिकायचंय त्यांनीही इथे येऊ नये. इथे भाषा शिकवत नाहीत, पठण शिकवतात. आणि ज्यांनी कालच कलमा पढलाय त्यांनी आठवडाभर तरी थांबावं. आधी पुस्तिका आणि मुअल्लिम घेऊन स्वतः उभं राहावं, काय अडतंय ते बघावं. अडलेलं घेऊन गेलं की अर्धा तास पुरतो, नाहीतर तो अक्षरओळखीतच जातो.

चाचणी-तासाला तीन गोष्टी विचारून घ्या. पहिल्या दिवशी काय शिकवणार? 'कायदा' एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे जा. शिक्षिका कायम राहणार का, आणि बदलली तर आधी सांगणार का? तिसरं, तासाचं ध्वनिमुद्रण मला मिळेल का? ते मिळत असेल तर बाकी दोन गोष्टींवर थोडं नमतं घ्यायलाही हरकत नाही. मला मिळतं, आणि सराव मी त्यावरच करते. उस्तानीजींचा एक उच्चार, मागोमाग माझा, पुन्हा त्यांचा. फरक कानाला जितका तिथे कळतो तितका प्रत्यक्ष तासाला कळत नाही, कारण तासाला लक्ष जिभेत असतं.

सध्या बैठका आठवड्याला एकावर आणल्यात. फातिहा आणि इख्लास झाल्या आहेत म्हणून उस्तानीजींनीच सुचवलं, वर्गाला त्यात तोटा असूनही. आता सूरह फलक चालू आहे. तिच्यात प्रत्येक आयतीच्या शेवटी थांबताना अक्षर किंचित उसळवावं लागतं, आणि पहिल्याच आयतीत, 'फलक'वर, माझी गाडी अडलीय.